कानावरचा हात

शाहिराचं कुठलंही जुनं छायाचित्र बघा. एक हात हवेत उगारलेला, दुसरा कानाशी. लोकांना ती शाहिराची ऐट वाटते. ऐट आहेच, पण त्या हाताला कामही आहे. तोंडातून निघालेला आवाज पुढं जातो. गाणाऱ्याच्या स्वतःच्या कानाकडं त्यातला थोडाच वळतो, आणि आवाजाची धार, जिच्यावरून सूर लागला की नाही ते कळतं, ती तर सरळ श्रोत्यांकडंच निघून जाते. तळहाताचा आडोसा केला की तीच धार कानात परत येते आणि ढोलकी-हलगीचा मारा थोडा बाहेर राहतो. वीज नाही, वायर नाही, भाडं नाही.

मी आदिलाबादचा माइकवाला. धंदा वडिलांनी सुरू केला, मी वाढवला. आमच्या गावातल्या एका ऑर्केस्ट्राची पोरं परवा दुकानात आली आणि विचारू लागली, “काका, स्टेजवर हेडफोन घ्यावा का इन-इअर?” त्यांना झटपट उत्तर हवं होतं. मी चहा सांगितला. कारण गाणाऱ्याला स्वतःचं गाणं ऐकू येणं ही गोष्ट पैसे देऊन विकत घ्यावी लागते, हेच मुळात नवीन आहे. आधी ते काम माणसं करायची.

पोवाडा घ्या. शाहिराच्या मागं झीलकरी उभे, त्यातल्या एकाच्या हातात तुणतुणं. एकच तार, पण ती शाहिराच्या खांद्यामागं सतत वाजत असते, त्यामुळं आवाज कितीही वर गेला तरी परत यायचं ठिकाण कानात असतं. शास्त्रीय बैठकीत तंबोरे गायकाच्या मागं, दोन बाजूंना. तिथं ते शोभेसाठी नसतात. वारकरी कीर्तनात तर सगळी मांडणीच तशी. कीर्तनकार पुढं, त्याच्या मागं आणि दोन्ही अंगांना टाळकरी, पखवाजावर मृदंगाचार्य, चाल धरायला गायनाचार्य, गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी. महाराजांना धाप लागली की मागची मंडळी चरण उचलतात. महाराजांचा सूर उतरला तर तेच वर धरतात, आणि श्रोत्यांना पत्ता लागत नाही. श्रोत्यांसाठी कीर्तनकार गातो आणि कीर्तनकारासाठी मागचे गातात, अशी ही विभागणी.

आमच्या जिल्ह्यात हे सगळं कसं, असं बाहेरचे लोक विचारतात. तेलंगणात मराठी कीर्तन? १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता आणि किनवट, राजुरा हे तालुकेही आदिलाबादचेच होते. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते दोन तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आम्ही इकडं राहिलो. पैनगंगा आमची सीमा. नदीच्या अलीकडं जैनद, बेला, तामसी या पट्ट्यात घराघरात मराठी अजून आहे, गावोगाव हरिनाम सप्ताह होतात, माहूरची रेणुका आमचीच आहे. दुकानातला माझा दिवस मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू अशा तिन्ही भाषांत जातो.

चौथी भाषा गोंडी, ती मला समजते तेवढीच. पण गाण्याच्या बाबतीत या जिल्ह्याचा सगळ्यात जुना माणूस तिथंच सापडतो. राजगोंडांचे परधान. हे परंपरेनं त्यांचे भाट. घरात मराठी बोलणारे आणि गोंडांच्या कुळकथा गोंडीत गाणारे. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या अभ्यासकानं १९४० च्या दशकात इथं राहून त्यांच्याबद्दल लिहून ठेवलंय. त्याचं आदिलाबादच्या राजगोंडांवरचं पुस्तक १९४८ चं. परधानाच्या हातात किंगरी असते, तीन तारांची, गजानं वाजवायची. गाणारा तोच, वाजवणारा तोच, आणि ऐकणारी मंडळी भोवती बसलेली. केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते, मेस्राम कुळाची. तिथं हे बघायला मिळतं. दिवाळीतल्या दंडारीत तर नाचणारे आणि वाजवणारे एकाच धुळीत उभे असतात. मोरपिसांचा टोप घातलेले गुसाडी, त्यांच्या शेजारी ढोल, तुडुम, पेपरे. स्टेज नाही, म्हणून पुढं-मागंही नाही. मार्लवाईचे कनक राजू यांनी गुसाडी नाच पोरांना शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यांना २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली. २०२४ मध्ये ते गेले. त्या नाचात कुणी कुणाला “मला ऐकू येत नाही” म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मग आमचा धंदा आला आणि घोटाळा सुरू झाला.

१९१५ मध्ये कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी विजेवर बोलणारा कर्णा लोकांपुढं मांडला आणि त्याला मॅग्नाव्हॉक्स नाव दिलं. आपल्याकडं स्वातंत्र्यलढ्याच्या काळात काँग्रेसच्या सभांना नानिक मोटवाने यांच्या शिकागो रेडिओचे कर्णे लागायचे. गांधीजींच्या किती तरी छायाचित्रांत माइकवर ते नाव दिसतं. दिल्लीची अहुजा कंपनी १९४० ची. वडिलांचा पहिला सेट अहुजाचाच. एक अ‍ॅम्प्लिफायर, बारा व्होल्टची बॅटरी, दोन कर्णे, एक माइक, आणि हे सगळं आरटीसीच्या बसच्या टपावर. गावात वीज असली तरी तिच्यावर कीर्तन सोपवायची कुणाची हिंमत नव्हती.

कर्णा माणसाच्या बोलण्यासाठी बरा. पखवाजाची धुम त्यातून येत नाही, कारण तीनशे-चारशे हर्ट्झच्या खालचं त्याच्या घशातून फारसं उतरतच नाही. नुसती शाईवरची टकटक येते. पण खरी अडचण वेगळी. कर्णा गावाकडं तोंड करून लिंबावर बांधायचा, म्हणजे शेजारच्या वस्तीलाही ऐकू जाईल. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. लिंब मंडपापासून पन्नास मीटरवर असला तर कीर्तनकाराला स्वतःचाच शब्द सेकंदाच्या सातव्या हिश्शानं उशिरा ऐकू येतो. एवढ्यानं टाळ मोडतो. महाराज कर्ण्याच्या आवाजाची वाट बघत रेंगाळतात, टाळकरी महाराजांची, आणि द्रुत लयीतला गजर बघता बघता विलंबित होतो. वडिलांनी त्यावर त्यांच्यापुरता उपाय काढला होता. कर्णे मंडपाच्या तोंडाशीच बांधायचे, तोंड बाहेर. यजमान कुरकुरायचे की पलीकडच्या वाडीला ऐकू जात नाही. वडील म्हणायचे, “वाडीवाल्यांना इकडं बोलवा की. प्रसाद आहे.”

पुढं कायदा आला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० चे, आणि सर्वोच्च न्यायालयानं जुलै २००५ मध्ये ते कडक केले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सप्ताहातलं कीर्तन नऊ ते अकरा. म्हणजे अर्धं कीर्तन माइकवर आणि अर्धं तसंच. धंद्याच्या विरोधात बोलतोय, पण सांगतो: दहा वाजता मी बटण बंद केलं की कीर्तन सुधारतं. माणसं पुढं सरकून बसतात, महाराज दोन पावलं मागं टाळकऱ्यांत जातात, आणि लय जागेवर येते. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता योगायोग म्हणवत नाही.

गाणाऱ्याला स्वतःचंच ऐकू न येण्याची ही अडचण जगात सगळ्यांना दिसली ती १५ ऑगस्ट १९६५ ला. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स, पुढं पंचावन्न हजार लोक किंचाळतायत, आणि चौघांना आपलं काहीच ऐकू येत नाही. पुढच्या तिघांच्या हालचाली बघून आपण ठेका धरला, असं रिंगो स्टारनं नंतर सांगितलं. पुढच्याच वर्षी त्यांनी दौरे बंद केले. त्याच सुमारास गायकाच्या पायाशी, त्याच्याकडं तोंड करून ठेवायचा तिरका स्पीकर रुळू लागला. ग्रेटफुल डेड या बँडनं १९७४ मध्ये भलतंच केलं. वादकांच्या मागं स्पीकरची भिंत उभी केली, श्रोतेही तेच ऐकणार आणि वादकही तेच. मी त्या भिंतीचं छायाचित्र पाहिलं तेव्हा मला आमचे टाळकरी आठवले. आवाज मागून येतो, गाणाऱ्याच्या अंगावरून पुढं जातो. पण ती भिंत उभी करायला इतका खर्च आणि इतके ट्रक लागायचे की त्याच वर्षी ती मोडली. टाळकरी जेवणावर येतात.

आमच्याकडं तिरका मॉनिटर आला तो गणपती-नवरात्रातल्या ऑर्केस्ट्रांबरोबर, नव्वदच्या दशकात. आला आणि स्टेजवर भांडण लावून गेला. गायक म्हणतो माझा वाढव. कीबोर्डवाला म्हणतो मग माझाही वाढव. ढोलकीवाला म्हणतो, “अन्ना, माझं तर काहीच येईना.” प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो, आणि शेवटी शिट्टी सुरू होते. शिट्टी टाळायची युक्ती अशी की चांगला गाण्याचा माइक मागच्या बाजूनं जवळजवळ बहिरा असतो. शुअरचा एसएम ५८ हा १९६६ पासून याच गुणावर टिकून आहे. मॉनिटर नेमका त्या बहिऱ्या बाजूला ठेवायचा. पण गायक माइक हातात घेऊन नाचू लागला की बाजू कुठली आणि काय!

शिवाय कान. पंचाऐंशी डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असं मोजमाप आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभर डेसिबलला हिशेब पंधरा मिनिटांवर येतो. पायाशी दोन मॉनिटर घेऊन गाणारा त्यात सहज असतो, आणि कार्यक्रम चार तासांचा. वडिलांना अखेरच्या वर्षांत उजव्या कानानं पक्ष्यांचे आवाज येत नव्हते. त्या बाजूला त्यांचा भोंगा असायचा.

आता हेडफोन. गंमत म्हणजे तो लाउडस्पीकरपेक्षा जुना. यूटामधल्या नॅथॅनियल बाल्डविननं स्वयंपाकघरात बसून बनवलेले हेडफोन अमेरिकन नौदलानं १९१० मध्ये घेतले, ते बिनतारी संदेश ऐकायला. जर्मनीच्या बायरचा डीटी ४८ हा १९३७ चा. जॉन कॉसनं गाणी ऐकण्यासाठी स्टीरिओ हेडफोन आणले १९५८ मध्ये. ही सगळी एका जागी बसून ऐकणाऱ्याची वस्तू. आकाशवाणीचं केंद्र आमच्या गावात आलं तेव्हा भजन मुद्रणाला गेलेल्या मंडळींनी हेडफोन पाहिला तो काचेपलीकडं बसलेल्या माणसाच्या डोक्यावर. गाणाऱ्यानं तो घालायचा, तोही लोकांसमोर, हे कुणाच्या मनात येण्यासारखं नव्हतं.

कानाच्या आत बसणाऱ्या आजच्या इन-इअरचा जन्म कानाच्या दुखण्यातून. त्यात जो बारीक बोलणारा तुकडा असतो, बॅलन्स्ड आर्मेचर, तो श्रवणयंत्रांतून आलेला. १९९५ मध्ये व्हॅन हेलन या बँडचा मॉनिटर सांभाळणाऱ्या जेरी हार्वीनं ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलनसाठी कानाच्या साच्यातून असा संच बनवला, कारण स्टेजवरच्या आवाजानं अ‍ॅलेक्सचे कान गेले होते. त्यातूनच अल्टिमेट इअर्स ही कंपनी निघाली. म्हणजे आज आमच्या पोरांना जी चैनीची वस्तू वाटते, ती निघाली एका वादकाचे उरलेसुरले कान वाचवायला.

पोरांना मी एकेकाला समोर बसवून विचारलं, तू काय वाजवतोस? निवड त्यावर ठरते, किमतीवर नाही.

ऑक्टोपॅडवाल्याला हेडफोन. ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाज नाही, काठीची खटखट तेवढी. तो बसलेला असतो, डोकं फार हलवत नाही, आणि ट्रॅकवर वाजवायचं तर क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टकटक, त्याच्याच कानात हवी. बंद पाठीचा, कानाभोवती पूर्ण बसणारा हेडफोन घ्यायचा. उघड्या पाठीचे, सेनहायझरच्या १९६८ च्या एचडी ४१४ पासून नावाजलेले, घरी ऐकायला फार गोड. पण स्टेजवर ते बाहेरचं सगळं आत घेतात आणि क्लिक शेजारच्या माइकला पाजतात. बंद हेडफोनची वाईट गोष्ट घाम. मेमधल्या लग्नाच्या वरातीत आदिलाबादला ते कानावर ठेवून बघा. जानेवारीत मात्र इथल्या थंडीत त्याच्यासारखं सुख नाही, हेही खरं.

गाणाऱ्याला इन-इअर. ती चालते, वळते, लोकांत उतरते, तिच्या केसांत गजरा आहे. हेडफोन तिथं टिकणार नाही आणि दिसणारही नाही चांगला. नीट बसलेला फोमचा बोळा बाहेरचे पंचवीस-तीस डेसिबल अडवतो, म्हणून आतला आवाज कमी ठेवता येतो. पण पहिल्या दिवशी प्रत्येक गायक तक्रार करतो की आवाज डब्यात बसल्यासारखा येतो. कान बंद केला की जबड्याच्या हाडातून आलेला स्वतःचाच आवाज आत कोंडतो. “आ”ला कमी, “ई” आणि “ऊ”ला जास्त. “विठ्ठल” म्हणताना एक सूर, “माउली” म्हणताना दुसराच भासतो. साचा कानात खोल, दुसऱ्या वळणाच्या पुढं गेला तर हे बरंच कमी होतं, म्हणून साचा घेणारा हात महत्त्वाचा. त्यासाठी आमची माणसं नागपूरला जातात, हैदराबाद त्यापेक्षा शंभर किलोमीटर लांब. आणि आवाज पोकळ लागला तर मिक्सरवर त्या माइकची फेज उलटी करून बघायची. हाडातला आणि वायरीतला आवाज एकमेकांना खात असतात. एका बटणाचं काम असतं, पण ते बटण आहे हे कुणी सांगत नाही.

एक कान उघडा ठेवायची सवय तर साथीच्या रोगासारखी पसरली आहे. टीव्हीवरच्या गायकांचं बघून मुलं एक बाजू काढून खांद्यावर सोडतात. उघड्या कानात स्टेजचा सगळा गदारोळ, आणि त्याच्यावर मात करायला दुसऱ्या कानातला आवाज वाढवायचा. दोन कानांनी मिळून जे थोड्यात भागतं ते एकट्याला भागत नाही. लोकांचा आवाज ऐकायचा असेल तर स्टेजच्या कडेला, लोकांकडं तोंड करून दोन माइक लावा आणि ते फक्त कानात द्या.

आणि ब्लूटूथ नको. ऑर्केस्ट्रातला एक जण मोबाइलबरोबरची बटणं कानात घालून तालमीला आला होता. त्यांत आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. सेकंदाचा सातवा हिस्सा! वडिलांचा लिंबावरचा कर्णा, पन्नास मीटरवरचा, आता खिशात आला आहे. वायरचा पॅक कमरेला लावा, फिरायचंच असेल तर स्टेजसाठी बनवलेला रेडिओवरचा घ्या, त्यात उशीर जाणवत नाही.

कीर्तनाचं काय, हा प्रश्न पोरांचा नव्हता, माझा होता. एका तरुण कीर्तनकारांनी सप्ताहात इन-इअर मागितले. फेट्याखालून वायर नेली, कुणाला दिसलंही नाही. महाराजांचा सूर त्या रात्री काचेसारखा स्वच्छ होता. पण टाळकरी चरण पुरा करायच्या आत ते पुढचा चरण घ्यायचे. मी टाळांकडं तोंड करून दोन माइक लावले आणि ते त्यांच्या कानात दिले. लय सुधारली, तरी काही तरी अडत राहिलं. आरती झाल्यावर मृदंगाचार्य माझ्याकडं न बघता महाराजांना म्हणाले, “महाराज, आज तुम्ही एकदाही मागं वळला नाहीत.” महाराज हसले. दुसऱ्या रात्री फेटा होता, वायर नव्हती. मी एक छोटा मॉनिटर टाळकऱ्यांच्या रांगेत, त्यांच्याच उंचीवर ठेवला, महाराजांच्या पाठीकडं तोंड करून, आणि त्यात फक्त वीणा आणि गायनाचार्य सोडले. सप्ताह संपेपर्यंत तो तिथंच राहिला.

ऑर्केस्ट्राच्या पोरांनी शेवटी ऑक्टोपॅडसाठी हेडफोन घेतला, वायरचे पॅक घेतले, आणि गाणारी मुलगी साच्यासाठी नागपूरला जाऊन आली. ढोलकीवाला राहिला. त्याला म्हटलं, तुलाही इन-इअर लावून बघू. तो म्हणाला, “काका, कानात बोळा घातला तर शाईवर बोट कसं पडलं ते कळायचं कसं?” बरोबर होतं त्याचं. त्याच्या उजव्या अंगाला एक जुना तिरका मॉनिटर दिला, आणि त्यात त्या मुलीचा आवाज सोडून बाकी काहीही नाही.